‘बार’ मराठीत आणताना या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की गोव्यात मांडवी नदीच्या मुखाशी वाळू साचू लागते आणि आग्वादजवळचा तो उथळ भाग जलवाहतुकीला बंद झाल्याची सूचना निघते. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी एका दैनिकात मुद्रितशोधनाचे काम करीत असताना, अशीच एक इंग्रजी सूचना आमच्या टेबलावर आली. तिचे भाषांतर ‘आग्वादचा बार पावसाळ्यापुरता बंद’ असे झाले, वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, म्हणून मीही ते पुढे जाऊ दिले. दुसऱ्या दिवशी खनिजवाहू बार्जवरचे एक वयस्क तांडेल अंक हातात घेऊन कार्यालयात आले. ते रागावलेले नव्हते, त्यांना काळजी वाटत होती. “बाब, सोऱ्याचो बार न्हय तो, न्हंयचें तोंड बंद जालां,” (तो दारूचा बार नव्हे, नदीचे तोंड बंद झाले आहे) एवढेच ते कोंकणीत म्हणाले, आणि टेबलावर बोटाने रेघ ओढून त्यांनी मला समजावले की हे मुख बंद झाले म्हणजे मांडवीतली बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरवावी लागते आणि तिथून मुरगाव बंदर गाठावे लागते. ज्यांच्यासाठी ती सूचना काढली होती, त्यांनाच आमच्या ओळीतून ती कळणार नव्हती.

त्या दिवसापासून ‘बार’ हा शब्द जिथे भेटेल तिथे मी तो टिपून ठेवत आलो आहे. इंग्रजीतले लहान आणि ओळखीचे शब्दच भाषांतरात सर्वांत जास्त फसवतात, कारण अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतो आणि ओळखीच्या शब्दासाठी उघडत नाही. गोव्यात तर हा एक शब्द न्यायालयात, बंदरात, बांधकामावर, फुटबॉलच्या मैदानावर, गायनशाळेत आणि रस्त्याकडेच्या पाटीवर अशा सगळीकडे वेगवेगळ्या अर्थांनी वावरतो. इथल्या मराठी लिहिणाऱ्याने तो एकदा नीट समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

सर्वांत ओळखीचा अर्थ हाच मूळ अर्थ मानणे

‘बार अँड रेस्टॉरंट’ अशी पाटी नसलेला गाव गोव्यात विरळाच, त्यामुळे ‘बार’ म्हणताच मद्यालय आठवणे स्वाभाविक आहे. तो अर्थ मात्र या शब्दाच्या आयुष्यात बराच उशिरा, सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचकडून बाराव्या शतकाच्या सुमारास घेतला आणि त्याच्यामागे बोलीतील लॅटिनचा ‘बार्रा’ उभा आहे. आरंभीचा अर्थ अगदी घरगुती होता : दार आतून पक्के करण्यासाठी आडवा घालायचा लाकडी किंवा लोखंडी दांडा.

फोंडा तालुक्यात आमचे जुने घर आहे. त्याच्या पुढच्या दाराच्या दोन्ही अंगांना चिऱ्याच्या भिंतीत चौकोनी खोबणी आहेत. एका बाजूची खोबण चांगली खोल असून दिवसा अडसर तिच्यातच सरकवून ठेवलेला असतो. रात्री तो बाहेर ओढायचा, दाराच्या फळ्यांमागून न्यायचा आणि समोरच्या उथळ खोबणीत बसवायचा. फणसाच्या लाकडाचा तो अडसर मधोमध, जिथे पिढ्यान् पिढ्यांचे हात पडले तिथे, इतका गुळगुळीत झाला आहे की अंधारातही पकड कुठे घ्यायची ते बोटांना कळते. आजी रोज रात्री “अडसर घातलास का रे?” असे विचारत असे, आणि त्याच घरात कुणाच्या लग्नाची बोलणी फिसकटली की “पत्रिकेचा अडसर आला” असेही म्हटले जाई. दारामागचा दांडा आणि कामातला अडथळा हे दोन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात सहज सामावून घेतले आहेत. संस्कृत ‘अर्गला’ आणि तिच्यापासून आलेली आपली ‘आगळ’ यांचीही हीच कथा आहे.

इंग्रजी ‘बार’ने नेमका हाच प्रवास केला, फक्त तो अधिक दूर गेला. विक्रेता आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये आडवी फळी आली, तिच्यावरून पेये दिली जाऊ लागली आणि फळीचे नाव खोलीला मिळाले. न्यायालयात न्यायाधीशांची बाजू आणि इतरांची बाजू यांच्यामध्ये कठडा आला आणि कठड्याचे नाव वकिलांच्या समुदायाला मिळाले. नदीच्या मुखावर वाळूची रास आडवी पडली, तिलाही तेच नाव मिळाले. म्हणून लेखणी उचलण्याआधी मी स्वतःला विचारतो की येथे खरोखरचा दांडा किंवा दांड्याच्या आकाराची वस्तू आहे, की दांड्याचे काम, म्हणजे अडवणे, सांगायचे आहे, की त्या दांड्यावरून ओळखली जाणारी जागा किंवा माणसे सांगायची आहेत. उत्तर मिळाले की मराठी शब्द शोधायला फार वेळ लागत नाही.

न्यायालयातला कठडा विसरणे

गोव्यातील मराठी बातम्यांत सर्वांत जास्त चुका या क्षेत्रात होतात, कारण न्यायालयीन मजकूर बहुतेक इंग्रजीतून येतो. उच्च न्यायालयाचे पर्वरीतील कामकाज असो की जिल्हा न्यायालयांचे, ‘बेंच अँड बार’ ही जोडी भाषणांत हमखास येते. बेंच म्हणजे बाक, पण येथे त्या बाकावर बसणारे न्यायाधीश अभिप्रेत असतात. बार म्हणजे कठडा, पण येथे त्या कठड्याशी उभे राहून बाजू मांडणारे वकील अभिप्रेत असतात. ‘खंडपीठ आणि बार यांचे संबंध’ असे अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी लिहिण्यापेक्षा ‘न्यायाधीश आणि वकीलवर्ग यांचे संबंध’ असे लिहिले, तर वाचकाला थांबून विचार करावा लागत नाही.

बार असोसिएशन आणि बार कौन्सिल या दोन्ही नावांसाठी ‘वकील संघटना’ असा एकच शब्द वापरणे ही त्याहून गंभीर चूक होय. बार असोसिएशन ही वकिलांनी स्वेच्छेने स्थापन केलेली संघटना असते. बार कौन्सिल ही १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने निर्माण झालेली वैधानिक परिषद असते, वकिलांची नोंदणी करण्याचा आणि त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई करण्याचा अधिकार तिला असतो, आणि महाराष्ट्र व गोवा यांच्यासाठी ती एकच आहे. एखाद्या वकिलाविरुद्ध तक्रार कुठे करावी, हे आपल्या बातमीवरून ठरवणाऱ्या माणसाला या गल्लतीचा थेट त्रास होतो. पहिलीला ‘वकील संघटना’ आणि दुसरीला ‘वकील परिषद’ असा भेद कटाक्षाने पाळावा.

‘कॉल्ड टु द बार’ या प्रयोगाचे ‘बारमध्ये बोलावण्यात आले’ असे भाषांतर मी छापील चरित्रलेखातही पाहिले आहे. लंडनमध्ये वकिलीचे शिक्षण देणाऱ्या चार ‘इन’ संस्था आहेत. त्यांच्या सभागृहात ज्येष्ठ सदस्यांची जागा कठड्याने वेगळी केलेली असे आणि शिक्षण पुरे झालेल्या विद्यार्थ्याला त्या कठड्याशी बोलावले जाई. ‘बॅरिस्टर’ हा शब्द याच कठड्यातून निघाला. गांधीजींना इनर टेंपलने १० जून १८९१ रोजी असे बोलावले, याचा अर्थ त्या दिवशी त्यांना बॅरिस्टरीची सनद मिळाली. १९२२ मध्ये त्याच संस्थेने त्यांचे नाव काढून टाकले आणि १९८८ मध्ये ते पुन्हा नोंदवले. नाव काढून टाकण्याच्या कृतीला इंग्रजीत ‘डिसबार’ म्हणतात आणि तिच्यासाठी ‘सनद रद्द करणे’ हा मराठीत रुळलेला, कुणालाही समजणारा प्रयोग तयार आहे. ‘सनद’ हा इतका नेमका शब्द हाताशी असताना आपण तो वापरत नाही, याचे मला वाईट वाटते.

मनाई, बंदी, स्थगिती आणि बाधा यांची सरमिसळ

इंग्रजी मथळ्यांत ‘बार’ क्रियापद म्हणून फार येते, कारण तीन अक्षरांत काम भागते. न्यायालयाने एखाद्या कंपनीला डोंगर कापण्यापासून ‘बार’ केले, असा मथळा आला की भाषांतरात कधी ‘बंदी’, कधी ‘स्थगिती’, तर कधी ‘रोख’ असा जो शब्द आधी सुचेल तो पडतो. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एखाद्या पक्षकाराला एखादी कृती करू नये असा आदेश दिला तर ती मनाई. सरकारने सर्वांसाठी एखादी गोष्ट निषिद्ध केली तर ती बंदी. आधीच दिलेल्या आदेशाची अंमलबजावणी थांबवली तर ती स्थगिती. मूळ बातमी पुढे वाचून यांपैकी काय घडले ते पाहिल्याशिवाय मथळा लिहू नये.

कायद्याच्या भाषेतील नामरूपी ‘बार’ यांहून वेगळा आहे. ‘बार्ड बाय लिमिटेशन’ याचे ‘मर्यादेमुळे बंदी’ असे भाषांतर केल्यास त्यातून काहीच बोध होत नाही. येथे कोणी बंदी घातलेली नसते. दावा दाखल करण्याची कायद्याने ठरवलेली मुदत उलटून गेलेली असते आणि त्यामुळे दार आपोआप बंद झालेले असते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे तिसरे कलम तर असे सांगते की प्रतिवादीने हा मुद्दा बचावात घेतला नसला, तरीही मुदत उलटून गेलेला दावा न्यायालयाने फेटाळला पाहिजे. जुने मराठी वकील यासाठी ‘दाव्यास मुदतीची बाधा येते’ असे म्हणत आले आहेत, आणि ‘मुदतबाह्य दावा’ हाही चांगला पर्याय आहे. बंदी घालायला कोणीतरी लागते, बाधा मात्र परिस्थितीतच असते. हा फरक लक्षात राहिला की या प्रकारची चूक पुन्हा होत नाही.

जाता जाता एक लहानसा प्रयोग. इंग्रजीत ‘बार’ आणि ‘बारिंग’ हे शब्द ‘वगळता’ या अर्थानेही येतात. ‘बार नन’ म्हणजे एकही अपवाद न करता. ‘बारिंग रेन’ म्हणजे पावसाने व्यत्यय आणला नाही तर. ‘पावसाला मनाई करून’ नव्हे.

नदीच्या मुखाशी

आता आग्वादकडे परत येतो. शालेय भूगोलात या भूरूपासाठी ‘वाळूचा दांडा’ हा शब्द आहे आणि तो मला अतिशय समर्पक वाटतो, कारण इंग्रजीप्रमाणेच मराठीनेही येथे दांड्याचीच उपमा घेतली आहे. नदीने आणलेला गाळ आणि लाटांनी ढकललेली वाळू मुखाशी एकमेकांना भिडतात, वेग मंदावतो आणि पाण्याखाली आडवी रास तयार होते. वरून पाणी अखंड दिसते, पण खोली जहाजाला पुरत नाही. दक्षिणेकडे साळ नदीच्या मुखाशी बेतूल येथेही असाच दांडा साचतो आणि मासेमारीच्या ट्रॉलरना त्याचा त्रास होतो. सूचना लिहिताना ‘दांडा’ हा शब्दही पुरेसा नाही. त्याचा परिणाम सांगितला पाहिजे. ‘मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा तयार झाल्याने आग्वादमार्गे होणारी जलवाहतूक पावसाळा संपेपर्यंत बंद राहील’ असे पूर्ण वाक्य लिहावे. आमच्या दैनिकात पुढच्या वर्षी ती सूचना अशीच छापली गेली.

पाठ्यपुस्तकातील शब्द गोव्यात वापरताना एक सावधगिरी हवी. वाळूच्या दांड्यामागे अडकलेल्या खाऱ्या पाण्याच्या साठ्याला पुस्तकात ‘खाजण’ म्हणतात. आपल्याकडे मात्र ‘खाजन’ म्हणजे नदीकाठी बांध घालून आणि मानशीने, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दाराने, भरती-ओहोटीचे पाणी राखून मिळवलेली सखल शेतजमीन. एकाच परिच्छेदात हे दोन्ही अर्थ आले, तर गोव्यातील वाचक निश्चितच गोंधळेल. म्हणून पहिल्या अर्थी येथे ‘खारे सरोवर’ असे सरळ लिहिलेले बरे.

गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांतील ‘बार्रा’ हाही याच घरचा शब्द आहे, पण पोर्तुगीजमध्ये तो वाळूच्या दांड्यापुरता मर्यादित नसून बंदरात शिरण्याचे मुख असाही त्याचा अर्थ होतो. रिओ द जानेरोमधील एका प्रसिद्ध वस्तीच्या नावात हाच ‘बार्रा’ आहे. इतिहासावर लिहिणाऱ्यांनी ‘जहाजे बार्रावर थांबली’ याचे भाषांतर ‘वाळूत रुतली’ असे करण्यापूर्वी मागचापुढचा मजकूर तपासावा. बहुतेक वेळा ती मुखाशी नांगर टाकून उभी असतात. आणि बार्ज हा शब्द या कुळातला नाही. तो होडीच्या अर्थाच्या ‘बार्का’ या जुन्या लॅटिन शब्दाशी नाते सांगतो. बार्ज बार ओलांडते, एवढाच दोघांचा संबंध.

आवाज सारखा, कूळ वेगळे

व्युत्पत्तीची आवड असणाऱ्यांकडून होणाऱ्या चुका मला अधिक चिंतेच्या वाटतात, कारण त्या आत्मविश्वासाने सांगितल्या जातात आणि लवकर पसरतात. दाबाचे एकक असलेला ‘बार’ हे त्यांचे ठळक उदाहरण आहे. मुरगावच्या किनाऱ्यापलीकडे ग्रांडे बेटाजवळ स्कूबा डायव्हिंगसाठी जे पर्यटक जातात, त्यांच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते आणि काटा ५० बारच्या आसपास आला की वर येण्याची सूचना असते. एका पर्यटन पत्रकाच्या मराठी मजकुरात ही सूचना ‘५० वेळा झाल्यावर वर यावे’ अशी आलेली मी स्वतः पाहिली आहे. भाषांतरकाराने हिंदीतला ‘बार’ गृहीत धरला असावा. पाण्याखाली दर १० मीटर खोलीमागे सुमारे एक बार दाब वाढतो. येथे चुकीच्या भाषांतराची किंमत माणसाच्या श्वासाने मोजावी लागते, म्हणून एककाचे नाव कधीही भाषांतरित करू नये आणि आकड्याजवळ ‘दाब’ हा शब्द अवश्य लिहावा.

हा ‘बार’ दांड्याचा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हवामानशास्त्रज्ञांनी तो वजन या अर्थाच्या ‘बारोस’ या ग्रीक शब्दावरून घेतला. एक बार म्हणजे १,००,००० पास्कल, आणि समुद्रसपाटीवरील हवेचा प्रमाण दाब १०१३.२५ मिलिबार. बॅरोमीटर, आयसोबार (नकाशावर सारख्या दाबाची ठिकाणे जोडणारी रेषा) आणि चर्चच्या गायकवृंदातील जाड, खालच्या पट्टीचा ‘बॅरिटोन’ आवाज हे सगळे या ग्रीक शब्दाचे नातेवाईक आहेत.

येथवर आले की अनेकजण उत्साहाने सांगतात की हा ‘बारोस’ म्हणजे आपला ‘भार’च. पूर्वी आयसोबारला आपण ‘समभार रेषा’ म्हणत असू, त्यामुळे हा समज आणखी घट्ट झाला. तो चुकीचा आहे, आणि खरी गोष्ट त्याहून सुंदर आहे. ग्रीक ‘बारोस’चे संस्कृतमधील सख्खे भावंड ‘गुरु’ हे आहे, जड या अर्थाचे तेच ‘गुरु’ ज्याच्यापासून ‘गुरुत्व’ झाले; ग्रीकमध्ये मूळ ध्वनीचा ‘ब’ झाला आणि संस्कृतात ‘ग’ राहिला. ‘भार’ हा वाहणे या अर्थाच्या ‘भृ’ धातूचा, आणि त्याचे नाते ओझे या अर्थाच्या फारसी ‘बार’शी आहे. तो फारसी ‘बार’ आपल्या बाजारात रोज भेटतो. काजूच्या पोत्याला आपण ‘बारदान’ म्हणतो तो त्याचाच शब्द, आणि सरकारी घोड्यावर बसणारा मराठी फौजेतला ‘बारगीर’ही त्याचाच. म्हणजे एकाच उच्चाराचे तीन शब्द तीन वाटांनी आले : दांड्याचा लॅटिन वाटेने, दाबाचा ग्रीक वाटेने आणि ओझ्याचा फारसी वाटेने. कानाला एक वाटले म्हणून त्यांची एकच वंशावळ मांडू नये.

याच कारणाने ‘दरबार’मधील ‘बार’ म्हणजे न्यायालयाचा ‘बार’, असेही लिहू नये. ‘दरबार’ सबंधच फारसीतून आला आहे. बारदेस तालुक्याचे नाव तर नदीमुखाच्या बारावरून पडले असे मी भाषणात ऐकले आहे, आग्वाद बारदेसातच असल्यामुळे ते ऐकायला पटतेही. पण परंपरेने त्या नावाचा अर्थ ‘बारा देश’ असा लावला जातो, आणि पोर्तुगीजांच्या ताब्यात बारदेस व साष्टी १५४३ मध्ये गेले तेव्हा ते नाव आधीपासून होतेच. चोडणच्या चर्चचे संत बार्थोलोम्यू यांच्या नावातील ‘बार’ अरामी भाषेतला असून त्याचा अर्थ ‘पुत्र’ असा आहे.

उलट बाजूनेही चूक होते. बॅरिअर हा शब्द बारचा जवळचा नातेवाईक आहे, परंतु कार्निव्हलच्या वेळी पणजीच्या रस्त्यांवर उभे केले जाणारे बॅरिकेड वेगळ्या घरचे. पिंपासाठी असलेल्या ‘बारिक’ या फ्रेंच शब्दावरून ते आले, कारण रस्ते अडवण्यासाठी पिंपांत माती भरून ती रचली जात. पॅरिसमध्ये १५८८ साली असे अडथळे इतके उभे राहिले की तो दिवस त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आणि कॉफी करणारा ‘बरिस्ता’ हा इटालियन शब्द दिसतो परका, पण इटालियनने त्यातला ‘बार’ इंग्रजीकडूनच उसना घेतला आहे. बॅरिस्टर आणि बरिस्ता हे दोघेही आडव्या फळीशी उभे राहणारे.

हाताशी असलेली नावे हरवणे

दाबोळी विमानतळावर सोने पकडले की बातमीत ‘सोन्याचे बार’ येतात. सराफाच्या पेढीवर विचारा, तो ‘लगड’ म्हणेल. चोरांनी ‘क्रोबारने कुलूप तोडले’ असे वाचले की मला गवंड्याच्या खांद्यावरची पहार आठवते. बांधकामातील ‘बार’ ही सळई, खिडकीतले ‘बार’ हे गज, आणि तुरुंगात गेलेल्या माणसासाठी ‘गजाआड’ हा शब्द आपण इंग्रजीची मदत न घेता वापरतच आलो आहोत. साबणाची आणि चॉकलेटची वडी असते. गणिताच्या पुस्तकात स्तंभालेख असतो. संगणकाच्या पडद्यावरच्या ‘बार’ला ‘पट्टी’ म्हटले की सगळ्यांना कळते. ‘रेझिंग द बार’ हा प्रयोग उंच उडीच्या आडव्या दांडीवरून आला; ‘बार उंचावणे’ असे शब्दशः उचलण्याऐवजी ‘दर्जा वाढवणे’ म्हणावे.

सैन्याच्या बातम्यांत ‘महावीर चक्र आणि बार’ असे येते, तेव्हा मात्र अधिक लक्ष द्यावे. तेच शौर्यपदक दुसऱ्यांदा मिळाले की नवे पदक न देता पदकाच्या फितीवर एक आडवी पट्टी लावली जाते, तिला बार म्हणतात. जनरल अरुणकुमार वैद्य यांना १९६५ च्या युद्धात महावीर चक्र आणि १९७१ च्या युद्धात त्यावरील बार मिळाला. ‘आणि बार’ असे लिहून सोडले तर वाचक ते एखादे लहान वेगळे पदक समजतो आणि एका सैनिकाने दोनदा गाजवलेले शौर्य अर्धेच सांगितले जाते. ‘महावीर चक्राने दोनदा सन्मानित’ असे स्पष्ट लिहिणे हे आपले कर्तव्य आहे.

संगीतातील चूक गोव्यात विशेष टाळायला हवी, कारण येथे पॅरिश शाळांतून स्वरलेखन शिकलेले वादक आणि ताल मोजत मोठे झालेले तबलजी एकाच मंचावर बसतात. पाश्चात्त्य स्वरलेखनात उभी रेघ म्हणजे आधी बार होता. पुढे दोन रेघांमधल्या मात्रांच्या गटाला तेच नाव मिळाले. मराठी समीक्षेत त्याला अनेकदा ‘आवर्तन’ म्हटले जाते. ते बरोबर नाही. सोळा मात्रांच्या त्रितालाचे एक आवर्तन चार मात्रांच्या चार विभागांनी पूर्ण होते, आणि भातखंडे पद्धतीच्या लेखनात विभाग उभ्या रेघेनेच वेगळे केले जातात. म्हणून बारचा जवळचा मराठी शब्द ‘विभाग’ किंवा ‘खंड’ हा आहे. ‘आठ बारचा तुकडा’ ‘आठ आवर्तने’ झाला, तर वादक आणि तबलजी समेवर भेटणार नाहीत.

बारकोड हा शब्द तसाच ठेवावा, पण त्याची कथा किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकाला अवश्य सांगावी. नॉर्मन जोसेफ वुडलंड हे मायामीच्या किनाऱ्यावर बसून मोर्स लिपीचा विचार करीत होते. त्यांनी वाळूत बोटे रुतवली आणि स्वतःकडे ओढली, तेव्हा टिंबे आणि रेघा लांबून जाड-बारीक पट्ट्या झाल्या. त्या कल्पनेचे पेटंट १९५२ मध्ये मिळाले आणि दुकानातील पहिली वस्तू २६ जून १९७४ रोजी स्कॅन झाली.

‘बार’ तसाच ठेवण्याची जागा

प्रत्येक ठिकाणी पर्याय घातलाच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. मद्यालयाच्या अर्थी ‘बार’ गोव्यात मराठीचाच झाला आहे. परवान्याच्या बातमीत ‘मद्यपानगृह’ लिहिल्याने काही साधत नाही. फक्त ज्यूस बार, सॅलड बार यांमध्ये बार म्हणजे नुसती मांडणीची फळी, हे शाळेच्या कार्यक्रमाची निमंत्रणे लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे आणि तेथे ‘फळांच्या रसाचे टेबल’ असे लिहून पालकांची शंका दूर करावी.

आपला स्वतःचा ‘बार’ही जपायला हवा. तोफेचा बार, लग्नाचा बार, तोंडात भरलेला तंबाखूचा बार, आणि न उडालेला फुसका बार हे प्रयोग मराठीत पूर्वापार आहेत. मथळ्यात ‘बार उडाला’ असे लिहिताना शेजारी मद्यालयाची बातमी नाही ना, हे पाहून घ्यावे. शंका असेल तर ‘धडाका’ लिहावे.

आणि फुटबॉल. जमिनीपासून २.४४ मीटर उंचीवरच्या त्या आडव्या दांडीला पारिभाषिक मराठी नाव देण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण फातोर्ड्याच्या मैदानावर चेंडू तिच्यावर आदळून परत येतो तेव्हा सबंध प्रेक्षागृहाच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडतो. सामन्याच्या वृत्तांतात ‘चेंडू बारला लागून बाहेर गेला’ असेच लिहावे.